प्रवासासाठी दुसरी लेन्स: १५,००० रुपयांत काय घ्यावे आणि कसे ठरवावे

सहलीची तिकिटे काढून झाली की बहुतेक नवशिक्यांना लेन्सची आठवण होते. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स म्हणजे अगदीच साधी, असे कोणीतरी सांगून ठेवलेले असते. हातात १५,००० रुपये असतात आणि दुकानात जी लेन्स आधी समोर येते तीच घरी येते. माझी पहिली जादा लेन्स अशीच आली. ती ५५-२५० मिमीची झूम लेन्स होती. वजन पाऊण किलोच्या निम्मे, म्हणजे ३७५ ग्रॅम. ते ऐकायला काहीच वाटत नाही, पण हरिश्चंद्रगडाच्या चढणीवर ते पाण्याच्या बाटलीशी स्पर्धा करू लागते. कोकणकड्यावर पोहोचल्यावर ती पिशवीतून बाहेरही निघाली नाही, कारण समोरचा तो अर्धवर्तुळाकार कडा माझ्या १८ मिमीतसुद्धा मावत नव्हता आणि मी आणली होती दूरचे जवळ आणणारी लेन्स.

हा लेख कॅनन किंवा निकॉनचा साधा डीएसएलआर आणि त्याची किट लेन्स हाताशी असलेल्या वाचकांसाठी आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असणाऱ्यांनाही विचाराची पद्धत तीच लागू पडेल, लेन्सची नावे तेवढी बदलतील.

पहिली पायरी: आपलेच जुने फोटो तपासा

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ खर्च करावी. मागच्या दोन-तीन सहलींतले, तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभर-दीडशे फोटो संगणकावर एका फोल्डरमध्ये घ्यावेत. विंडोजमध्ये फोटोच्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’ उघडले, की तो फोटो किती फोकल लेंथवर (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा), किती अ‍ॅपर्चरवर (प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र), किती शटरवेगावर आणि किती आयएसओवर (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) काढला हे सारे तिथे लिहिलेले दिसते. कागदावर चार रकाने आखून १८, १९ ते ३४, ३५ ते ५४ आणि ५५ अशी खुणांची मोजणी करावी.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवतो. १८ आणि ५५ या दोन टोकांच्या रकान्यांत खुणा नेहमीच जास्त पडतात, कारण झूमची कडी आपण सवयीने टोकापर्यंत फिरवतो. म्हणून नुसत्या खुणा मोजून निष्कर्ष काढू नये. १८ च्या रकान्यातले फोटो पुन्हा उघडून पाहावेत आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकूनही देवळाचा कळस किंवा वाड्याचा कोपरा कापला गेला असे किती ठिकाणी झाले, ते मोजावे. ५५ च्या रकान्यात, घरी येऊन निम्म्याहून अधिक कापावे लागलेले फोटो मोजावेत. शेवटी, टाकून दिलेले फोटोही एकदा चाळावेत: हललेले, धूसर, १/३० सेकंदापेक्षा संथ शटरने काढलेले किंवा आयएसओ ३२०० च्या पुढे गेल्याने दाणेदार झालेले. या तीन ढिगाऱ्यांपैकी जो सर्वांत मोठा असेल, ती तुमची खरी उणीव होय, आणि १५,००० रुपये त्याच उणिवेवर खर्च व्हायला हवेत. दुसऱ्या कोणाची उणीव वेगळी असू शकते; म्हणून मित्राने घेतली ती लेन्स आपणही घ्यावी, याला फारसा अर्थ नाही.

यानंतर एक छोटा प्रयोग करावा. किट लेन्सची कडी ३५ मिमीवर आणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळावी आणि एक सकाळ भाजीमंडईत घालवावी. दुसऱ्या सकाळी तोच प्रयोग ५० वर करावा. एकाच फोकल लेंथच्या, म्हणजे प्राइम लेन्सबरोबर आपले जमेल की नाही, हे यातून फुकटात कळते. पहिला अर्धा तास हात सारखा कडीकडे जातो. नंतर पाय हलू लागतात. ज्यांचे पाय शेवटपर्यंत हललेच नाहीत, त्यांनी प्राइम लेन्सच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी पायरी: दोन आकड्यांचा अर्थ समजून घ्या

लेन्सवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. मिलिमीटरमधला आकडा म्हणजे फोकल लेंथ. तो लहान असेल तर जास्त दृश्य मावते आणि मोठा असेल तर दूरचे जवळ येते. निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरची (साध्या डीएसएलआरमधल्या, प्रकाश टिपणाऱ्या लहान चिपची) रुंदी सुमारे २३.५ मिमी आणि कॅननच्या सेन्सरची सुमारे २२.३ मिमी असते. विषयापर्यंतचे अंतर मीटरमध्ये घेऊन त्याला या रुंदीने गुणावे आणि फोकल लेंथने भागावे, की आडव्या फोटोत किती मीटर रुंदीचे दृश्य मावेल ते मिळते. पाच मीटरवर उभे राहिले तर निकॉनवर १८ मिमीत साडेसहा मीटर, ३५ मिमीत ३.४ मीटर आणि ५० मिमीत २.३५ मीटर रुंदी मावते. बोळातल्या वाड्यासमोर ५० मिमीची लेन्स घेऊन उभे राहिल्यावर फक्त दिंडीदरवाजाच का येतो, ते या गुणाकारातून लगेच स्पष्ट होते. कोणतीही लेन्स घेण्यापूर्वी आपल्या ठरलेल्या ठिकाणचा असा हिशेब एकदा करावा.

दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा, आणि तो उलटा चालतो: आकडा लहान, तर प्रकाश जास्त. हा प्रकाश आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे फरक दिसतो त्याहून बराच मोठा असतो. किट लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते. ५० मिमी एफ १.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सला १/१० सेकंद लागतो तिथे हिला जवळपास १/१०० सेकंद पुरतो. पहिल्यात आरती ओवाळणारा हात पुसट होतो, दुसऱ्यात तबकातली ज्योतही ओळखू येते.

तिसरी पायरी: उणिवेनुसार लेन्स ठरवा

आधी प्रकाशाची उणीव, कारण प्रवासात तीच सर्वांत जास्त भेटते आणि स्वस्तात भागते. मात्र इथेही थोडा विचार लागतो. अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत मुख्य भित्तिचित्रे आहेत. तिथे उजेड मंद असतो, फ्लॅश चालत नाही आणि पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत तिपाई लावायला परवानगी लागते. अशा ठिकाणी मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे लहान एफ-आकड्याची, लेन्स हवीच, असे कोणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. भिंतीवरच्या चित्रातला पद्मपाणी जागचा हलत नाही. तुमच्या किट लेन्समध्ये कंपनरोधक व्यवस्था असेल (कॅननवर ‘आयएस’, निकॉनवर ‘व्हीआर’ असे लिहिलेले असते), तर १८ मिमीवर कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून काढलेला १/८ सेकंदाचा फोटोसुद्धा स्पष्ट येतो. पाच-सहा काढले तर एक-दोन नक्की हाती लागतात. ही व्यवस्था तुमच्या हाताचा कंप थोपवते, समोरच्या माणसाची हालचाल थोपवत नाही. म्हणून मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स खरी कामाला येते ती माणसांसाठी: वारीतल्या मुक्कामावरचे कीर्तन, चुलीपुढे भाकरी थापणारी मावशी, पहाटेचा मासळीबाजार. तुमचे बिघडलेले फोटो अशा प्रसंगांचे असतील तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी माझी पहिली पसंती एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी या लेन्सला आहे. ती २००९ सालापासून बाजारात आहे, वजनाला सुमारे २०० ग्रॅम आहे आणि डोळ्यांना जसे दिसते त्याच्या जवळ जाणारे दृश्य देते. कॅननवाल्यांसाठी एवढी सरळ निवड नाही. २०१५ साली आलेली ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम सुमारे १६० ग्रॅमची असून या रकमेत नवीच बसते, वर पैसे उरतात. पण कॅननच्या लहान सेन्सरवर ती फुलफ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ८० मिमीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांसाठी उत्तम आणि खोलीत अडचणीची. २४ मिमी एफ २.८ एसटीएम ही बिस्किटाएवढी चपटी, १२५ ग्रॅमची लेन्स फिरण्यासाठी अतिशय सोयीची आहे, परंतु प्रकाशाच्या बाबतीत ती किट लेन्सच्या दुपटीच्या आसपासच जाते. वजन कमी करायचे असेल तर २४ घ्यावी, अंधारावर मात करायची असेल तर ५० घ्यावी.

एफ १.८ हाती आल्यावर नवशिका पहिले काही दिवस सगळेच एफ १.८ वर काढतो. मीही काढले. ५० मिमीच्या लेन्सने दोन मीटरवरून एफ १.८ वर काढलेल्या फोटोत जेमतेम ११ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट असतो. वारीत एका वीणेकरी माळकऱ्यांचा मी काढलेला फोटो आहे: बुक्का लावलेले कपाळ आणि डोळे लख्ख, आणि छातीशी धरलेली वीणा लोण्यासारखी विरघळलेली. तो फोटो वीणेसाठीच काढला होता. तेव्हापासून माणूस आणि त्याच्या हातातली वस्तू दोन्ही हवी असतील तर मी एफ २.८ किंवा ४ वर येतो, आणि दोन रांगांच्या कुटुंबाच्या फोटोला ५.६ वर.

रुंद दृश्याची उणीव असेल तर कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० मिमी या लेन्सना पर्याय नाही. दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आत आहेत. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून मंदिर आणि भोवतीचे कापलेले कडे एकत्र घ्यायचे असतील तर १८ आणि १० मिमीतला फरक थक्क करतो. नव्या घ्यायच्या तर १५,००० रुपये पुरत नाहीत, वापरलेली शोधावी लागते. मात्र त्याआधी खिशातला मोबाइल बाहेर काढून पाहावा. आजच्या बऱ्याच मोबाइलमधल्या अतिरुंद कॅमेऱ्याचे दृश्य या लेन्सइतकेच, किंबहुना किंचित जास्तच रुंद असते. भर उजेडात कडे, दऱ्या, तटबंदी यांसाठी तो पुरतो, अंधारात कोसळतो. ज्यांचे रुंद फोटो दिवसाचे आणि फक्त पडद्यावर पाहण्यापुरते असतात, त्यांनी या उणिवेवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरचे जवळ आणण्यासाठी कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी वापरलेली पाहावी. वर दिलेला गुणाकार इथेही करावा: उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला होडीतून ३० मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) २५० मिमीत टिपला, तर फोटोची रुंदी २.७ मीटर भरते, म्हणजे पक्षी मधोमध चांगला ओळखू येतो. शंभर मीटरवर हीच रुंदी ९ मीटर होते आणि रोहित गुलाबी स्वल्पविराम होतो. झाडीतले लहान पक्षी या रकमेत निभत नाहीत. तो नाद वेगळा आणि त्याचा खर्चही वेगळा.

फुलांचे जवळून फोटो हवे असणाऱ्यांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. कॅननची १८-५५ आयएस एसटीएम ही किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि तिच्या चौकटीत सुमारे ६२ मिमी रुंदीचे दृश्य भरते. ५० मिमी एफ १.८ ची लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही आणि तिच्यात १०० मिमीहून अधिक रुंदी येते. म्हणजे कासच्या पठारावर साध्या लेन्सनेच फूल मोठे दिसते. रानफुले तुडवू नयेत म्हणून वाटेवरूनच फोटो काढायचे असल्याने तिथे कडी ५५ वरच राहते.

राहिला प्रश्न १८-१३५, १८-१४० किंवा १८-२०० अशा सर्वसमावेशक झूमचा. जाणकार मंडळी या लेन्सना नाक मुरडतात. प्रकाश त्या किट लेन्सपेक्षा जास्त घेत नाहीत, आणि कडेची स्पष्टता थोडी कमी असते, हे खरे. पण पावसाळी ट्रेकवर भर वाऱ्यात लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर पाण्याचे तुषार आणि धूळ यांना आमंत्रण देणे असते. मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्यालाही सारखी लेन्स बदलण्याची सवड नसते. ज्यांच्या तीन ढिगाऱ्यांत हललेले फोटो थोडे आणि ५५ वर काढून घरी कापलेले फोटो भरपूर निघाले, त्यांनी वापरलेली १८-१३५ किंवा १८-१४० घेऊन किट लेन्स विकून टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

चौथी पायरी: आपल्या कॅमेऱ्यावर ती चालते का?

स्वस्त लेन्स घेताना सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. निकॉनची जुनी ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स फार स्वस्तात मिळते, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ३५०० किंवा डी ५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांतही ती मोटर नसल्याने फोकस हातानेच करावा लागतो. या कॅमेऱ्यांसाठी नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेलीच लेन्स घ्यावी. उलट डी ९०, डी ३१००, डी ५१०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही, तेव्हा तिथे एएफ-एसच हवी. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुलफ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. ईएफ लेन्स मात्र दोन्हींवर बसतात, आणि अडॅप्टर लावला की नव्या आर मालिकेतल्या मिररलेसवरही काम देतात. मिररलेसवाल्यांसाठी हाताने फोकस करायच्या चिनी बनावटीच्या लेन्स स्वस्त आहेत; धावत्या मुलांसाठी त्या घेऊ नयेत, निवांत वास्तू टिपणाऱ्याने जरूर पाहाव्यात.

पाचवी पायरी: वापरलेली लेन्स पारखून घ्या

१५,००० रुपयांत बहुतेक लेन्ससाठी वापरलेल्या मालाकडे वळावे लागते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने दाटीने आहेत. इतर शहरांत छायाचित्रकारांच्या ओळखीने माल मिळतो. काहीही झाले तरी लेन्स हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका दुकानातून मी वापरलेली ३५ मिमी लेन्स घेतली तेव्हा तिच्यावर ओरखडा नव्हता, डबाही मूळचा होता. घरी येऊन अंधारात मोबाइलच्या विजेरीने आत पाहिले तर समोरच्या काचेच्या मागे, कडेपासून मध्याकडे, तुळशीच्या रोपाच्या मुळांसारखे पांढरे बारीक तंतू पसरलेले. ती बुरशी होती. दुकानदार म्हणाले, ‘साहेब, फोटोत येत नाही ती.’ तेव्हा खरोखरच येत नव्हती. पुढच्या पावसाळ्यानंतर प्रकाशाच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो दुधाळ येऊ लागला.

म्हणून दुकानात दोन्ही टोपणे काढून, विजेरी मागच्या बाजूने तिरकी धरून, पुढच्या बाजूने आत पाहावे. धुळीचे चार-दोन कण असले तर चालतात. तंतू, जाळे किंवा धुके दिसले तर लेन्स खाली ठेवावी, किंमत कितीही उतरली तरी. कॅमेऱ्यावरून काढलेल्या कॅननच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर उघडेच असते. निकॉनच्या, नावात ‘जी’ हे अक्षर असलेल्या लेन्सचे मिटलेले असते. मागची छोटी पट्टी बोटाने हलकेच सरकवली की ते उघडते. ती सोडल्यावर पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल आले आहे असे समजावे.

मग लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवून, भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून, कॅमेरा त्याच्याशी अगदी समोरासमोर धरून सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढावा. चारही कोपरे थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे. तीन कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात आणि चौथ्यातली येत नाहीत, असे दिसले तर आतले भिंग सरकलेले असते, बहुधा लेन्स कधीतरी पडलेली असते. फिल्टर लावायच्या कडेवर ठोकर लागल्याची खूण आहे का, तेही बोट फिरवून पाहावे. शेवटी झूम आणि फोकसच्या कड्या फिरवाव्यात; आत रेती असेल तर ती हाताला कळते. गोव्याला किंवा कोकणात जाऊन आलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते.

सहावी पायरी: हजार-दीड हजार बाजूला ठेवा

सगळी रक्कम लेन्सवर उधळू नये. हवा मारायचा रबरी फुगा, मऊ कापड आणि हूड (लेन्सपुढे लावायची कडी) एवढे लागतेच. हूड कडेचा प्रकाश अडवतो आणि लेन्स आपटली तर पहिला धक्का स्वतः खातो, म्हणून मी यूव्ही फिल्टरपेक्षा (लेन्सवर चढवायच्या संरक्षक काचेपेक्षा) त्यावर अधिक विश्वास ठेवतो. स्वस्त फिल्टरने रात्रीच्या दिव्यांची भुते फोटोत उमटतात. समुद्रकिनाऱ्यावर मात्र खारे तुषार लेन्सऐवजी फिल्टरवरून पुसता यावेत म्हणून चांगला फिल्टर उपयोगी पडतो. तो घेताना लेन्सवरचा व्यासाचा आकडा पाहावा: कॅनन ५० एसटीएमला ४९ मिमी, निकॉन ३५ ला ५२ मिमी.

मुंबई आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर बुरशीची भीती फारशी उरत नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओलावा पिऊन बसली आहे असे समजून बदलावी किंवा तापवून पुन्हा वापरावी. तापवण्यासाठी स्वयंपाकाची कढई मात्र वापरू नये.

लेन्स प्रवासाच्या निदान तीन आठवडे आधी घरी यावी. तेवढ्या अवधीत एक-दोन संध्याकाळी ती घेऊन गावातच फिरावे, पिशवीत ती आणि कॅमेरा कसे बसतात ते पाहावे आणि दोष आढळला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी दुकान गाठावे. प्रवासात एसी खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर काचेवर धुके धरते आणि रुमालाने पुसले तर ते आणखी पसरते. घरी परतल्यावर पिशवी तशीच कपाटात न टाकता लेन्स त्याच रात्री पुसून, दोन्ही टोपणे लावून डब्यात ठेवावी.